डाकोटा, पॅकेट आणि डावा कान : एका निवृत्त वैमानिकाच्या श्रवणऱ्हासाचा प्रकरण अभ्यास

रुग्णाचे वय ८३ वर्षे, वास्तव्य पुण्यात. सारी नोकरी भारतीय हवाई दलाच्या डाकोटा, पॅकेट आणि अॅव्रो या वाहतूक विमानांवर वैमानिक म्हणून झालेली, आता निवृत्त. तक्रार त्यांची स्वतःची नव्हती, घरच्यांची होती. टीव्हीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो, फोनवर नातवंडांशी बोलताना दोन वाक्यांनंतर ते फोन पत्नीच्या हाती देतात, आणि चारचौघांत बसले की गप्प राहतात, असे मुलाने नोंदवले होते. पत्नीने तेच थोडक्यात सांगितले : “ऐकू येतं ह्यांना, पण कळत नाही. आणि वर म्हणतात, तूच पुटपुटतेस.” हे वाक्य मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतले, कारण उच्च वारंवारतेच्या श्रवणऱ्हासाचे इतके नेमके वर्णन पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते.

दोन वर्षांपूर्वी अन्यत्र त्यांची तपासणी झाली होती. तेथे ‘वयोमानानुसार बहिरेपण’ असे निदान लिहून दोन्ही कानांसाठी एकाच पद्धतीने लावलेली यंत्रे देण्यात आली होती, आणि ती यंत्रे पहिल्या महिन्यानंतर कपाटात गेली होती. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण येथे मांडत आहे. माझ्या मते या प्रकरणात निदानाचा निर्णायक पुरावा ध्वनिरोधक खोलीतल्या यंत्राने जितका दिला, तितकाच रुग्णाच्या उड्डाणांच्या लॉगबुकाने आणि त्यांच्या आठवणींनी दिला.

तपासणीत काय दिसले

दोन्ही कानांतला मळ काढल्यानंतर पडदे स्वच्छ आणि शाबूत दिसले. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे पडद्याची हालचाल आणि त्यामागचा दाब मोजणाऱ्या चाचणीत, मध्यकर्णाचा दाब सामान्य होता. हवेतून आणि हाडातून होणाऱ्या श्रवणाच्या मोजमापांत फरक नव्हता, म्हणजे दोष मध्यकर्णात नसून अंतर्कर्णात किंवा त्यापुढच्या मज्जातंतूत होता. ही बाब येथे महत्त्वाची ठरते. केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नसलेल्या विमानांतून लडाखच्या उंचीवर जाणे आणि भराभर खाली येणे हा या माणसाचा अनेक वर्षांचा नित्यक्रम होता, आणि सर्दी असताना तसे उतरल्यामुळे पडद्याला व मध्यकर्णाला इजा झालेले वैमानिक पूर्वी पुष्कळ पाहायला मिळत. येथे तसल्या जुन्या इजेची खूण नव्हती.

शुद्ध स्वरांच्या चाचणीत (यात डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी) उजव्या कानाची पातळी २५० ते १००० हर्ट्झपर्यंत २० ते २५ डेसिबल, म्हणजे या वयाला उत्तम म्हणावी अशी होती. ती २००० हर्ट्झला ४०, ३००० ला ५५ आणि ४००० पासून ८००० पर्यंत ६० डेसिबल अशी उतरत गेली. डावा कान खालच्या स्वरांना जवळजवळ तसाच, २० ते ३० डेसिबलवर होता, पण २००० हर्ट्झला ५०, ३००० ला ७५, ४००० ला ८०, ६००० ला ७५ आणि ८००० ला पुन्हा ६५ अशी त्याची रेषा होती. शांत खोलीतल्या मराठी शब्दांच्या चाचणीत उजव्या कानाने ८० टक्के शब्द बरोबर ओळखले, डाव्याने ५६ टक्के. डाव्या कानात ‘सात’ हा शब्द दिला तेव्हा त्यांनी ठामपणे ‘हात’ म्हटले. पुन्हा दिला, पुन्हा ‘हात’ आला. ‘स’ या ध्वनीची ऊर्जा ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर असते, त्यामुळे तो त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. पोहोचत होता तो ‘आ’, आणि उरलेली जागा मेंदू स्वतःच्या अंदाजाने भरत होता. औषध सात वाजता की आठ वाजता यावरून घरात रोज होणारा वाद इथून निघत असे.

दोन गोष्टी लगेच खटकल्या. पहिली, डाव्या कानाच्या रेषेचा आकार. वयाने होणारा ऱ्हास बहुधा सर्वांत उंच स्वरांपासून सुरू होतो आणि रेषा ८००० हर्ट्झकडे उतरतच जाते. येथे ती ४००० पाशी सर्वांत खोल जाऊन ८००० ला काहीशी वर आली होती. ही खाच गोंगाटाची खूण समजली जाते. म्हातारपणी वयाचा ऱ्हास त्या खाचेची उजवी भिंत हळूहळू खाली ओढतो आणि खाच बुजते, म्हणूनच ८३ व्या वर्षीही ती दिसत असेल तर मुळात ती बरीच खोल असली पाहिजे. दुसरी गोष्ट, दोन कानांतला फरक. ३००० आणि ४००० हर्ट्झला २० डेसिबलचा फरक असेल तर तो वयाच्या खात्यावर टाकता येत नाही, कारण वय दोन्ही कानांना सारखेच होते. अशा फरकामागे श्रवणमज्जातंतूवरची गाठ नाही ना, हे आधी पाहावे लागते. त्याप्रमाणे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून एमआरआय करवून घेतले. त्यात गाठ नव्हती.

गाठ नाही एवढ्यावर पुष्कळदा फाइल बंद होते. डावाच कान का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. सैन्यातल्या माणसाचा डावा कान अधू असला तर पहिला संशय बंदुकीवर जातो, कारण उजव्या खांद्यावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो. तसे विचारले तेव्हा कळले की प्रशिक्षणाच्या काळानंतर त्यांचा रायफलशी संबंध जवळजवळ उरला नव्हता. कानाला घातक औषधे, डोक्याला मार, घराण्यातले बहिरेपण, चक्कर यांपैकी काहीही नव्हते. डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज मात्र चाळिशीपासून होता. “तो काय, असतोच,” असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

लॉगबुक आणि आठवणी

पुढच्या भेटीला मी त्यांना लॉगबुक आणायला सांगितले. कापडी बांधणीच्या तीन वह्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, मार्ग, दिवसाचे तास, रात्रीचे तास, आणि त्या उड्डाणात ते कॅप्टन होते की सहवैमानिक, हे सगळे रकान्यांत भरलेले होते. श्रवणतज्ज्ञाला यापेक्षा चांगले कागदपत्र मिळणे कठीण. कारखान्यातल्या कामगाराला तो कोणत्या यंत्राच्या कोणत्या बाजूला किती तास उभा राहिला हे चाळीस वर्षांनंतर सांगता येत नाही. वैमानिकाला मात्र ते सांगता येते, कारण कॅप्टनची जागा डावीकडची आणि सहवैमानिकाची उजवीकडची, ही पद्धत पक्की असते. नोंदींची बेरीज सहा हजार तासांच्या आसपास गेली. त्यांतले सुमारे २७०० तास डाकोटाचे, २२०० पॅकेटचे आणि उरलेले अॅव्रोचे होते. उजव्या जागेवरचे तास १३०० च्या आसपास होते, बाकी सगळे डाव्या जागेवरचे.

डाकोटा म्हणजे डग्लस सी-४७. हवाई दलाच्या इतिहासात या विमानाला जी जागा आहे ती दुसऱ्या क्वचितच एखाद्या विमानाला असेल. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकड्या श्रीनगरला उतरल्या त्या डाकोटांतून, आणि मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर जे विमान उतरवले तेही डाकोटाच होते. आमच्या रुग्णाच्या वाट्याला डाकोटा आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, जोरहाटला. तेव्हाच्या नेफामधल्या, म्हणजे आताच्या अरुणाचल प्रदेशातल्या, चौक्यांना पिठाची, तांदळाची पोती वरून टाकण्याचे काम होते. त्यासाठी मालाचा दरवाजा काढून ठेवलेला असे आणि उड्डाणभर विमानाची कूस उघडी असे. मागच्या माणसांशी बोलणे अशक्यच असल्यामुळे पोती ढकलण्याचा इशारा घंटेने आणि दिव्याने दिला जाई.

इंजिनांचा आवाज कसा होता, हे त्यांनी जे सांगितले ते आकड्यांशी ताडून पाहता येते. डाकोटाचे ट्विन वास्प इंजिन १४ सिलिंडरांचे. त्याचा मधला गिअर असा की इंजिनाचे १६ फेरे झाले की प्रोपेलरचे ९ होतात. उड्डाणाच्या वेळी इंजिन मिनिटाला २७०० फेरे करते, म्हणजे प्रोपेलर सुमारे १५२० फेरे करतो, आणि त्याला तीन पाती असल्यामुळे दर सेकंदाला सुमारे ७६ वेळा पाते विमानाच्या अंगाजवळून जाते. वर गेल्यावर इंजिन २०५० फेऱ्यांवर आणले की हीच संख्या ५८ च्या आसपास येते. डाकोटाचा जो घोगरा, छातीत घुमणारा नाद ऐकलेले लोक अजून विसरलेले नाहीत, तो मूळचा हा ५८ ते ७६ हर्ट्झचा. त्यावर सिलिंडरांच्या स्फोटांचा २०० ते ३०० हर्ट्झचा थर, त्यावर धुराड्याची फडफड, खिडक्यांच्या फटींतून घुसणारा वारा, आणि पत्र्याची थरथर. आवाज अडवणारे अस्तर म्हणावे असे कॉकपिटमध्ये फार काही नव्हते.

दोन इंजिनांचे फेरे अगदी सारखे नसले तर दोन नाद एकमेकांवर पडून ‘वूंऽ वूंऽ’ अशी लाट उठते. प्रोपेलरचा दांडा केसभर मागे-पुढे करून ती लाट लांबवत लांबवत नाहीशी करणे, म्हणजे दोन्ही इंजिने एका सुरात आणणे, हे कानाचे काम होते. मी संगणकावर ५८ आणि ५९ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र तयार करून त्यांना हेडफोनवर ऐकवले. त्यांनी मान न वळवता उजवा हात पुढे केला, बोटांनी काहीतरी हळूच ढकलल्यासारखे केले आणि म्हणाले, “एक पुढे आहे. आण मागे.” या स्वरांना त्यांचा कान आजही तल्लख होता. रुग्ण ‘मला ऐकू येते’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, हे यावरून कळावे. ज्या आवाजांवर त्यांचे आयुष्य उभे होते ते सगळे त्यांना ऐकू येत होते.

पॅकेटविषयी ते अधिक भरभरून बोलले. फेअरचाइल्ड सी-११९ हे दोन शेपटांचे मालवाहू विमान, १८ सिलिंडरांची दोन प्रचंड इंजिने असलेले. हिमालयात तेवढीही ताकद पुरेना, म्हणून हवाई दलाने त्याच्या पाठीवर एक ऑर्फियस जेट इंजिन बसवून घेतले. जुलै १९६२ मध्ये स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीला, पाच हजार मीटरच्या जवळपास उंचीवर, पॅकेट उतरवले, त्या प्रसंगाबद्दल आमचे रुग्ण अजूनही अतिशय आदराने बोलतात. त्यांची स्वतःची वर्षे चंदीगडहून लेह आणि थोइसेच्या फेऱ्यांत गेली. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना ती अजस्र इंजिने आणि डोक्यामागे, विमानाच्या पाठीवर, जेटची किंकाळी असा तो प्रवास असे. त्यानंतर आलेले अॅव्रो त्यांना “बंगल्यासारखे शांत” वाटले. आतून ते तसे असेलही, पण त्याच्या डार्ट इंजिनाची जमिनीवरची शिट्टी ही वेगळीच गोष्ट होती. मिनिटाला १५ हजार फेरे करणाऱ्या कॉम्प्रेसरचा तो आवाज कित्येक हजार हर्ट्झचा, म्हणजे थेट कानाच्या सर्वांत हळव्या पट्ट्यातला होता, आणि शेजारचे विमान चालू असताना आपल्या विमानाभोवती फिरून पाहणी करणाऱ्या माणसाच्या कानांवर तो उघडाच पडत असे.

“आवाजाचा त्रास व्हायचा का?” असे मी प्रथम विचारले होते. उत्तर आले, “छे.” या प्रश्नाला वैमानिकांकडून मला नेहमी हेच उत्तर मिळाले आहे. त्या आवाजावर त्यांचे प्रेम असते आणि प्रेमाच्या वस्तूचा त्रास कोणी सांगत नाही. म्हणून प्रश्न बदलून विचारले : उतरल्यावर मेसमध्ये तुम्ही मोठ्याने बोलता असे कोणी म्हणायचे का? कानात गुंगी किती वेळ राहायची? यावर मात्र त्यांना खूप काही आठवले. लेहची फेरी करून आल्यावर संध्याकाळपर्यंत कान ‘कापूस घातल्यासारखे’ राहत. धावपट्टीवरून घरी जाताना लॅम्ब्रेटा चालू झाली की नाही हे कानाला कळत नसे, हँडलच्या थरथरीवरून कळे. सकाळी सगळे पूर्ववत होई. हा तात्पुरता श्रवणऱ्हास झाला. अंतर्कर्णातल्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी, थकतात आणि विश्रांतीनंतर सावरतात, पण दिवसेंदिवस त्यांना थकवत राहिले तर त्यांतल्या काही सावरतच नाहीत. सकाळी पूर्ववत वाटते हा धोक्याचा भाग आहे, कारण त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणालाच वाटत नाही.

डावाच का

आता मूळ प्रश्न. कॅप्टनच्या डाव्या बाजूला खिडकी आणि खिडकीबाहेर डावा प्रोपेलर असतो, म्हणून डावा कान गेला, असे सरळ उत्तर सुचते. ते मला पुरेसे वाटत नाही. ५८ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सहा मीटर असते. तिच्यापुढे माणसाचे डोके म्हणजे काहीच नाही. अशी लहर डोक्याला सहज वळसा घालून दोन्ही कानांवर सारखीच आदळते. शिवाय इतक्या खालच्या स्वरांना मध्यकर्ण फार आत जाऊ देत नाही, आणि ध्वनिमापकाच्या ‘ए’ मोजपट्टीतही ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा केले जातात ते कानाच्या याच स्वभावामुळे. प्रोपेलरच्या नादाने छाती घुमते, पण ३००० ते ४००० हर्ट्झला खाच पाडण्याचे काम तो थेटपणे करत नाही.

खरा दुवा त्यांच्या एका सवयीत सापडला. त्या काळच्या हेडसेटला दोन इअरफोन असत, पण दोन्ही कान झाकले की शेजारच्या माणसाचे बोलणे बंद होई. म्हणून डाव्या जागेवर बसलेले आमचे रुग्ण उजवा इअरफोन कानाच्या मागे सरकवून ठेवत आणि रेडिओ फक्त डाव्या कानाने ऐकत. ही सवय त्यांच्या एकट्याची नव्हती. जगभरच्या जुन्या वैमानिकांच्या छायाचित्रांत एक कान झाकलेला आणि एक उघडा असे दृश्य सर्रास दिसते. आता खालच्या स्वरांचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो : मोठा घोगरा आवाज आपल्याहून वरच्या स्वरांना झाकून टाकतो, पण वरचे स्वर खालच्यांना सहसा झाकू शकत नाहीत. कॉकपिटमधली गर्जना नेमकी बोलण्यावर पडदा टाकत असे, आणि तो भेदण्याचा एकच उपाय वैमानिकाच्या हातात होता, तो म्हणजे रेडिओचा आवाज वाढवणे. उंचावरच्या विरळ हवेत इअरफोनचा आवाजही क्षीण होतो, त्यामुळे लेहच्या वाटेवर बटण आणखी पुढे जाई. शिवाय लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर शब्दांपेक्षा खरखर जास्त, आणि ती तासन्‌तास ऐकत राहणे भाग, कारण हवामानाचा निरोप त्याच खरखरीतून येणार. रेडिओ टेलिफोनीचा पट्टा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचा असतो. बाह्यकर्णाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच वाढवून आत पाठवते, आणि मोठ्या आवाजाची इजा त्या आवाजाहून साधारण अर्धा सप्तक वर होते. या साऱ्याची बेरीज डाव्या कानाच्या रेषेशी जुळते.

केवळ कॉकपिटचा गोंगाट दोषी असता तर उघडा राहिलेला उजवा कान अधिक खराब व्हायला हवा होता, निदान दोन्ही सारखे व्हायला हवे होते. झाकलेला कान अधिक खराब झाला याचा अर्थ, झाकणाच्या आत जे चालले होते ते बाहेरच्यापेक्षा वाईट होते. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याचा आणि धुराड्याचा वाटा मी नाकारत नाही. त्या आवाजांत वरचे स्वर असतात आणि डोक्याची सावली त्यांना अडवते, त्यामुळे डाव्या कानाला थोडे अधिक सोसावे लागले असणारच. दोन्ही वाटे आज वेगळे काढता येत नाहीत. पण या रुग्णाच्या बाबतीत मुख्य घाव रेडिओचा होता आणि इंजिनाने तो घाव घालायला भाग पाडले, असे माझे मत आहे.

वयाचा वाटा किती, याचेही उत्तर एका जुन्या कागदाने दिले. १९७६ च्या वैद्यकीय तपासणीतल्या श्रवणआलेखाची प्रत त्यांनी लॉगबुकच्या मागच्या खिशात जपून ठेवली होती. त्यावेळी त्यांचे वय ३५ होते. त्यात ४००० हर्ट्झला डावा कान ४० डेसिबलवर आणि उजवा २५ वर होता, बाकी सर्व ठीक होते. म्हणजे खाच आणि दोन कानांतला फरक दोन्ही पस्तिशीतच पडलेले होते. गोंगाटाने होणारे नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांत वेगाने होते आणि पुढे मंदावते, या सर्वमान्य निरीक्षणाशी हे जुळते. त्यानंतरच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत वयाने दोन्ही कानांवर आपला थर चढवला.

पस्तिशीत हे कागदावर असूनही कोणाच्या लक्षात का आले नसावे? कुजबुजीची जुनी चाचणी आठवावी : शांत खोलीत पाठ करून उभे राहायचे, सहा मीटरवरून डॉक्टर आकडे कुजबुजणार आणि ते परत म्हणून दाखवायचे. पन्नास-शंभर शब्दांच्या त्या मर्यादित संचातून योग्य तो ओळखणे तल्लख माणसाला अवघड नसते, आणि ४००० हर्ट्झची एकटी खाच तिथे सापडत नाही. उड्डाणातल्या बोलण्याचेही तसेच आहे. त्यातली वाक्ये ठरलेली, आकडे ठरलेले, पुढे काय येणार हे अर्धे अधिक माहीत. “कॉकपिटमध्ये माझं कधी काही अडलं नाही,” असे ते म्हणाले, ते खरे असणार. नातवंडांचे बोलणे मात्र ठरलेल्या वाक्यांत येत नाही.

आज तेच उड्डाण असते तर

घट्ट बसणारी कर्णकवचे वरचे स्वर चांगले अडवतात, खालचे फारसे नाहीत. त्या काळी कानात घालत असलेल्या कापसाच्या बोळ्यांचा तर दोन्हींना बेताचाच उपयोग. वास्तविक, मोठ्या गोंगाटात इअरफोनखाली चांगले प्लग घातले तर बोलणे उलट अधिक स्पष्ट कळते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रयोगांतच दिसून आले होते, पण कान बंद केला तर रेडिओ कसा ऐकू येईल ही शंका वैमानिकांच्या मनातून गेली नाही. प्रोपेलरच्या नादावर खरा उतारा सक्रिय ध्वनिरोधनाचा. हेडसेटमधला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमका उलट आवाज इअरफोनमधून सोडून तो मारतो. ही युक्ती खालच्या, एकसुरी नादावर सर्वांत चांगली चालते. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र अमर बोस यांनी १९७८ मध्ये युरोपातून परतताना विमानात बसूनच तिचे गणित मांडले. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ या दोन प्रोपेलरांच्या विमानातून कोठेही न थांबता, इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्या अरुंद केबिनमधल्या आवाजाने त्यांचे कान कायमचे अधू होतील अशी भीती होती. त्यांनी बोस कंपनीचे प्रायोगिक हेडसेट वापरले. १९८९ मध्ये असे हेडसेट बाजारात आले, तोवर आमच्या रुग्णाचे उड्डाण संपले होते. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की, घोगरा नाद कमी झाला की त्याचा बोलण्यावरचा पडदा उठतो, आणि वैमानिक आपण होऊन रेडिओचे बटण मागे घेतो. एका उपायाने दोन्ही घाव टळतात.

उपचार

कपाटातली जुनी यंत्रे का चालली नाहीत, हे आता स्पष्ट झाले. त्यांचे साचे कान पूर्ण बंद करणारे होते. खालचे स्वर उत्तम ऐकणाऱ्या माणसाचा कान असा बंद केला की स्वतःचाच आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो. शिवाय दोन्ही कानांना सारखेच प्रवर्धन, म्हणजे आवाजाची सारखीच वाढ, दिलेले होते.

नवीन यंत्रे उघड्या टोप्यांची घेतली, म्हणजे खालचे स्वर नैसर्गिक वाटेने आत जातील आणि यंत्र फक्त वरच्या स्वरांवर काम करील. कानात बारीक नळी ठेवून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजून दोन्ही बाजू वेगवेगळ्या लावल्या. डाव्या कानात ४००० हर्ट्झचा पाठलाग मुद्दाम केला नाही. तेथे केशपेशी उरल्याच नसतील तर आवाज वाढवून फक्त कर्कशपणा वाढतो. त्याऐवजी तिथले ‘स’, ‘श’ यांसारखे ध्वनी खालच्या पट्ट्यात उतरवून देणारी सोय चालू केली. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राची घडी उलगडताना होणारा आवाज त्यांना असह्य झाला. पन्नास वर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला परके वाटतात, म्हणून प्रवर्धन पूर्ण न देता टप्प्याटप्प्याने वाढवले. याच काळात पत्नीलाही दोन गोष्टी सांगितल्या : स्वयंपाकघरातून हाक मारू नये, आणि बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला बसावे. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे ही आता सहवैमानिकाच्या जागेवर.” दोघेही मनापासून हसले.

तीन महिन्यांनी यंत्रांसह घेतलेल्या चाचणीत उजव्या कानाने ९२ टक्के शब्द ओळखले, डाव्याने ६८ टक्के. टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांना सोसवेल इतका खाली आला. शिट्टी आहे तशीच आहे, पण यंत्रे कानात असताना तिच्याकडे लक्ष जात नाही. मंगल कार्यालयातल्या गजबजाटात अडचण कायम आहे आणि ती पूर्ण जाईल असे आश्वासन मी दिलेले नाही. अशा ठिकाणी समोरच्याने गळ्यात अडकवायचा छोटा मायक्रोफोन वापरून पाहायला दिला आहे, नातीच्या साखरपुड्यात त्याचा उपयोग झाला असे कळले.

आमच्या केसपेपरवर पूर्वी ‘गोंगाटात काम केले आहे का : होय / नाही’ एवढाच रकाना होता. आता विमानातून, रेल्वेच्या इंजिनातून किंवा जहाजाच्या इंजिनखोलीतून आलेल्या रुग्णाला यंत्राचा प्रकार, बसण्याची वा उभे राहण्याची बाजू, कोणत्या कानाने रेडिओ किंवा फोन ऐकत, आणि काम संपल्यावर कान किती वेळ बधिर राहत, हे स्वतंत्रपणे विचारले जाते, आणि जुने वैद्यकीय कागद असतील तर ते मागवले जातात. या रुग्णाचा श्रवणआलेख दरवर्षी काढायचा आहे. दोन कानांतला फरक वाढला किंवा चक्कर सुरू झाली तर एमआरआय पुन्हा करावे, अशी सूचना त्यांच्या कागदपत्रांवर लिहून दिली आहे.